भिंतीवरचं तुमचं वाक्य

सिस्टर,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि अजूनही तुमच्यापायी माझी अख्खी दुपार वाया जाते. कॉलेजच्या नव्या प्राचार्यांनी, म्हणजे फादरांनी, समितीपुढे ठेवायला माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. सोमवारपर्यंत द्यायचा आहे. कागद पुढे ओढला, 'माननीय समिती' लिहायला गेले आणि हाताने 'सिस्टर' लिहिलं. खोडून नवा कागद घेता आला असता. म्हटलं, राहू दे, आधी तुमच्याशीच काय ते बोलून घेऊ. या सगळ्याची सुरुवात तुम्ही केलीत, निदान आज मला तसंच वाटतंय.

कॉलेजच्या मागच्या बैठ्या इमारतीत तुम्ही ही शाळा काढलीत; 'कलाशाळा' ही पाटी नंतर लागली. कोणीही यावं, कुठल्याही वयाचं, कुठल्याही धर्माचं, आणि गाणं, चित्र, तबला, नाच, जे हवं ते शिकावं. लोक आजही कौतुकाने सांगतात. पण ती चालवायची कशी, हे तुम्ही कुठे म्हणजे कुठे लिहून ठेवलं नाहीत. नऊ वर्षांपूर्वी मी इथली प्रमुख झाले तेव्हा कपाटात तुमची एक लांबट वही सापडली. आत नावं, आणि नावांपुढे दोनच शेरे: 'येते' आणि 'सध्या येत नाही'. कोण कुठल्या वर्गाला, किती वाजता, काही पत्ता नाही. त्या वहीवर मी शाळा चालवायची होती. प्रमुख म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटली की मला फोन. खिडकीची खोली चित्रकलेच्या सरांना हवी आणि नाचाच्या बाईंनाही तीच हवी. भिंतीपलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर मार्चमध्ये सांगतात, मॅडम, ढोलकी बंद करा, आमच्या मुलांची दहावी आहे. आणि त्यांच्याच सोसायटीतली निम्मी मुलं आपल्याकडे ढोलकी शिकतात. या सगळ्यात जो तो येऊन तुमची आठवण काढतो, आणि ती मला ऐकवायला काढतो. सिस्टर असत्या तर असं झालं नसतं. तुम्ही असतात तर तुम्हीही वैतागला असतात, पण ते कोणाला दिसलं नसतं. तुम्ही सगळ्यांच्या आठवणीत हसऱ्या राहिलात. मी आहे ती कटकटी बाई.

मी अकरा वर्षांची असताना माझे वडील मला तुमच्याकडे घेऊन आले तो दिवस मला चांगला आठवतो. तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत ते कामाला होते. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, पण शर्ट स्वच्छ धुतलेला. मराठवाड्यातलं गाव सोडून आलेलं आमचं बौद्ध कुटुंब. मुलगी सिस्टर लोकांकडे गाणं शिकणार म्हटल्यावर वस्तीत चर्चा झालीच होती. वडिलांनी आडपडदा ठेवला नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "आमी एकदा धर्म बदललाय सिस्टर. विचार करून बदललाय. आता परत नाय बदलनार." तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात की गाण्याला पाठवा, बाकी काही नको, आणि एखाद्या शनिवारी जमलं नाही तरी चालेल. त्या डिसेंबरात मी तुमच्या नाताळच्या कार्यक्रमात गायले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत जयंतीला भीमगीत गायले तेव्हा तुम्ही पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसला होतात. पायाला मुंग्या आल्या तरी उठला नाहीत. वडील मरेपर्यंत ते सांगत होते.

आणि ते स्वयंपाकघर. हॉलमध्ये परीक्षा असते म्हणून तुम्ही आमचा वर्ग कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात नेता. आम्ही नऊ-दहा जण, कोणी ओट्याला टेकून, मी तांदळाच्या पोत्यावर. स्वयंपाकाच्या बाई आधीच करवादलेल्या, त्यांना पन्नास माणसांच्या आमटीला फोडणी द्यायची आहे. तुम्ही म्हणता, द्या की, आम्ही काय तुमच्या पातेल्यात बसलोय का. मग पळीने झाकणावर ताल धरता. मिरचीचा खकाणा उठतो, आम्ही खोकत सुटतो, डोळे पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. त्या दिवशी कोण वेळेवर आलं होतं आणि कोण नव्हतं, हे कोणी विचारलं नाही. मला आज त्याचाच राग येतो. विचारायला हवं होतंत, सिस्टर. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मला विचारावं लागलं.

एकदाच तुम्ही मला बोलल्या होतात. मी एकोणीस-वीस वर्षांची, तुमच्या हाताखाली वर्ग घ्यायला लागलेली, म्हणजे फार शहाणी झालेली. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसातले कारकून काका दर शनिवारी यायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि गळ्यातून एक सूर धड निघायचा नाही. कार्यक्रम आठवड्यावर आला होता. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, काका, तुम्ही फक्त ओठ हलवा. त्यांनी मान डोलावली, वरमल्यासारखे हसले, आणि खरंच पुढचा तासभर नुसते ओठ हलवत उभे राहिले. तुम्ही मला व्हरांड्यात बोलावलंत. "गप्प बसायला ते इथे येत नाहीत," तुम्ही म्हणालात. "गप्प ते आठवडाभर ऑफिसात बसतात." एवढंच बोलून तुम्ही आत गेलात. हे तुमचं खरं वाक्य. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात मी वाईट दिसते.

जे सांगितलं ते खोटं होतं. प्रमुख होऊन मला चार महिने झाले असतील. पाचचा वर्ग लोक पावणेसहाला भरवायचे, मधेच चहाला जायचे, शिकवणारेसुद्धा. शिक्षकांच्या बैठकीत मी वेळेचा विषय काढला तर चित्रकलेचे सर म्हणाले की सिस्टरांनी कधी घड्याळ पाहिलं नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सिस्टर मला स्वतः म्हणाल्या होत्या, शिस्त नाही तिथे कला नाही. तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. ते त्या क्षणी माझ्या तोंडात आलं. पण पुढच्या आठवड्यापासून लोक वेळेवर यायला लागले. मला वाटलं, एवढं सोपं होतं होय. मग मी तुम्हाला वापरतच गेले. चपला ओळीत ठेवाव्यात हे तुमचं म्हणणं झालं. तबला उंबऱ्यावर ठेवू नये, हेही तुमचंच. तुम्ही आयुष्यात मोबाइल हातात धरला नव्हता, तरी वर्गात तो बंद ठेवण्याबद्दल तुमचं मत काय होतं हे आपल्या शाळेत आज सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी तीन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी इमारतीला रंग लावून दिला, आणि मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून समोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत ते पहिलं वाक्य रंगवलं. खाली लिहिलं, 'आपल्या सिस्टर'. नारळ मीच फोडला.

जूनमध्ये नवे फादर आले. माणूस वाईट नाही, आणि हीच अडचण आहे. वाईट असते तर भांडता आलं असतं. नम्र बोलतात, सगळ्यांचं ऐकून घेतात, टिपून ठेवतात. त्यांचं म्हणणं असं की घणसोलीच्या नव्या टॉवरांतून कितीतरी मुलं नाव लावून थांबली आहेत आणि आपल्या वर्गात मात्र कधीतरी उगवणारे लोक जागा अडवून बसलेत. तेव्हा चाचणी घ्यावी, मोठ्यांचीसुद्धा. हजेरी आणि चाचणी दोन्हींत कमी पडतील त्यांनी जागा सोडावी. मी म्हटलं, फादर, ही शाळा त्यासाठी नाहीये. त्यांनी खिडकीतून भिंतीकडे बोट केलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी तर सिस्टरांच्याच शब्दांवर चाललोय." चाचणीच्या तारखा मीच सूचना फलकावर लावल्या.

आता जिच्यामुळे हा खुलासा लिहायची वेळ आली तिच्याबद्दल सांगते. चार वर्षांपूर्वी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून एक कोळीण यायला लागली, साठीच्या आसपासची. मासळी विकते. सगळे तिला मावशी म्हणतात. संध्याकाळच्या गाण्याच्या वर्गाला ती खाडीचं पाणी बघून, भरती-ओहोटी सांभाळून येते. कधी दोन गुरुवार लागोपाठ, कधी महिनाभर नाही. आली की वर्ग बदलतो. आवाज असा की मागच्या सोसायटीच्या खिडक्या उघडतात, आणि यावेळी तक्रारीला नाही. कोळ्यांच्या लग्नातली गाणी तिला किती येतात याला मोजदाद नाही. टॉवरमधल्या कॉलेजच्या पोरी तिच्याभोवती बसून ती उतरवून घेतात. एका बाईंनी सुरुवातीला मासळीच्या वासाची तक्रार केली होती. मी त्यांनाच दुसऱ्या रांगेत बसवलं, तेवढी बुद्धी मला तेव्हा होती.

नोव्हेंबरात चाचणी झाली. बाहेरून एक परीक्षक आले होते, शेजारी मी गुणांचा तक्ता घेऊन. मावशी धुवट लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली होती. परीक्षकांनी पेटीवर सूर दिला आणि आरोह-अवरोह म्हणायला सांगितलं. तिने सा लावला, रे लावला, मग थांबली. पुढे काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. तिने गाणं असं तुकडे करून कधी गायलंच नव्हतं. परीक्षक म्हणाले, पुन्हा प्रयत्न करा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की यांना त्यांचं एखादं गाणं म्हणू द्या. मी तक्त्यात पाहिलं. परीक्षकांनी वीसपैकी चार दिले आणि मी ते लिहिले. ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "तुमची काय चूक नाय मॅडम. सिस्टरनी लिवलंय ना भितीवर. माज्या नातीनी वाचून दाखवलं मला."

सिस्टर, त्यानंतरचे दहा दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. नाचाच्या बाईंवर, रंगाच्या डब्याला झाकण न लावणाऱ्यांवर, तुमच्या व्हरांड्यातल्या फोटोवरसुद्धा. मनात तुम्हालाच दोष देत होते. चार नियम लिहून ठेवले असतेत तर मला तुमच्या तोंडी शब्द घालावे लागले नसते, असं मी स्वतःला पटवत होते. पटत नव्हतं. शेवटी एका सकाळी दिवाळे गावात गेले. होड्या लागलेल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते. मावशी दारात बसून टोपलीतली कोळंबी निवडत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं की भिंतीवरचं वाक्य सिस्टरांचं नाही, माझं आहे, लोकांनी वेळेवर यावं म्हणून मी ते रचलं होतं.

तिचे हात थांबले नाहीत. "म्हंजे सिस्टर असं बोलल्याच नाय?"

"नाही."

तिने मूठभर कोळंबी बाजूला काढली. मग म्हणाली, "ह्ये मला सांगून काय करू मी? ज्यांना वाचता येतं त्यांना सांगा."

मी येते म्हटलं. तिने मान हलवली. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मला तिचाही राग येत होता. इतक्या लांब आले, खरं बोलले, तर निदान बस तरी म्हणावं. बसमध्ये बसल्यावर तो राग उतरला, आणि मग फक्त पुढच्या बैठकीची भीती राहिली.

समितीची ती बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. फादर, आम्ही पाच शिक्षक, पालकांचे दोन प्रतिनिधी. विषय होता जागा रिकाम्या करण्याचा. मी हात वर केला आणि सांगून टाकलं. पहिल्यांदा बोलले ते चित्रकलेचे सर, ज्यांच्याशी माझं नऊ वर्षं पटलं नाही. म्हणाले की मला पहिल्या दिवसापासून शंका होती, सिस्टर 'कला' हा शब्दच वापरायच्या नाहीत, 'गाणं' म्हणायच्या, 'चित्र' म्हणायच्या. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाले, लोक वेळेवर येत होते ना. एका पालक बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची मुलगी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिते, आता तिला काय सांगायचं? त्या म्हणाल्या, खोटं असलं तरी भिंतीवर असू द्या. फादरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाकीची वाक्यं?" मी म्हटलं, मोबाइलचंही माझंच. चपलांचंही. कोणीतरी हसलं, फादर हसले नाहीत. मग त्यांनी विचारलं की सिस्टर खरं काय म्हणाल्या होत्या, एखादं तरी. तेव्हा मी कारकून काकांची गोष्ट सांगितली, नुसते ओठ हलवण्यापासून व्हरांड्यापर्यंत, काही न गाळता. ती सांगणं खोट्याची कबुली देण्यापेक्षा जड गेलं.

निकाल असा लागला. मोठ्यांच्या वर्गांची चाचणी रद्द झाली, हजेरीची अटही गेली. लहान मुलांच्या परीक्षा राहिल्या, त्यावर फादर हलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही फार ताणलं नाही. भिंतीला पांढरा रंग दिला. लगेच एकाने सुचवलं की आता त्या जागी सिस्टरांचं ऑफिसवालं वाक्य लिहू. मी इतक्या जोरात नको म्हटलं की तो विषय तिथेच संपला. फादर बाहेर पडताना मला म्हणाले की तुम्ही बोललात हे चांगलं केलंत, पण नऊ वर्षं समितीची दिशाभूल झाली हे मला कागदावर घ्यावं लागेल. मी प्रमुख राहायचं की नाही ते जानेवारीत ठरेल. मला पद गेल्याचं दुःख किती होईल ते माहीत नाही. पुडी फाटल्यावर दुसऱ्या कोणाला तरी फोन जाईल, या विचाराने कधी बरं वाटतं, कधी तो फोन मलाच यावा असं वाटतं.

मावशीला मी निरोप पाठवला नाही, तिच्या नातीने सांगितलं असावं. परवाच्या गुरुवारी ती आली. नाताळच्या गाण्यांची तयारी चालली होती, वर्ग सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. ती सरळ आत आली, पोरींनी सरकून जागा केली, आणि माझी नजर सवयीने घड्याळाकडे गेली. तिने ते पाहिलं. "पानी उशिरा उतरलं," ती म्हणाली आणि बसली. मला माफ केलं वगैरे काही नाही. ती गायला आली होती, गायली आणि गेली. पुढच्या गुरुवारचं मला माहीत नाही.

अंधार पडायच्या आत खुलासा लिहायला हवा. तो चार ओळींचा होईल. हा कागद समितीला दाखवण्यासारखा नाही, आणि तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट राहिली. वरच्या पट्टीत तुम्ही बेसूर व्हायचात, सिस्टर. थोड्या नाही, चांगल्याच. मला ते अकराव्या वर्षीच कळलं होतं, आणि मला वाटतं तुम्हालाही ठाऊक होतं, तरी तुम्ही गात राहिलात. त्या बैठकीत फादर चाचणीबद्दल बोलत होते तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की त्या चाचणीत सिस्टर स्वतः नापास झाल्या असत्या. ते खरं होतं, आणि त्या दिवशी त्याच्याइतकं कामाचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तुमच्या नावावर मी नऊ वर्षं वाटेल ते खपवलं. हे एवढं खरं मात्र मला सांगवलं नाही.